न सांगता उठायची रीत

शिराळ्याच्या बाजारात भाजी घेताना अजूनही कुणीतरी अडवतंच. "काय वैनी, परदेश कसा वाटला?" यांना काय ऐकायचं असतं ते मला आता पाठ झालंय. रस्ते चकाचक होते, एक कुत्रं भुंकत नव्हतं, कचऱ्याचा कपटा दिसत नव्हता. एवढं सांगितलं की माणूस खूश होतं आणि कोथिंबिरीची जुडी निवडायला लागतं. खरं सांगायला बसले तर बाजार उठेल तरी संपायचं नाही, आणि सांगता सांगता माझं डोकं परत तापेल ते वेगळंच. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

मी जर्मनीला हिंडायला गेले नव्हते. पोरीला परत आणायला गेले होते. मिरजेला नर्सिंग शिकली, मग कुठं क्लास लावून ती घशातली भाषा शिकली, आणि तिकडच्या एका लहानशा गावातल्या इस्पितळात लागली. करार तीन वर्षांचा. तो संपत आला होता आणि आता ते लोक तिला कायमची ठेवून घेतो म्हणत होते. महिनाअखेरीला तिनं हो की नाही ते कळवायचं होतं. इकडं मी कराडचं एक स्थळ हेरून ठेवलेलं. मुलगा इंजिनियर, माणसं समजूतदार, सुनेनं नोकरी केली तर त्यांना आनंदच. भावकीत झाडून सगळ्यांना मी सांगून बसले होते की पोरीला घेतल्याशिवाय माघारी फिरत नाही.

आमच्या सुभेदारांना हे पटलेलं नव्हतं. सुभेदार म्हणजे माझे यजमान. फौजेतून येऊन ऊस करायला लागले त्याला बरीच वर्षं झाली, पण गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. मीही रागावले की सुभेदार म्हणते, आणि जर्मनीत मी बहुतेक वेळ रागावलेलीच होते.

"तिचं तिला ठरवू दे की," ते म्हणाले.

"तुमी गप बसा. बदली घेताना कवा मला इचारलं हुतं का?"

तेव्हा ते गप्प बसले. पण ते नुसते गप्प बसले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

जर्मनीबद्दल सुभेदारांच्या मनात लहानपणापासून एक भक्ती होती. तिथं म्हणे गाड्या घड्याळ लावून घ्याव्यात अशा येतात. विमानतळावरून पोरीच्या गावाला जायची आमची रेल्वे चांगला पाऊण तास उशिरा आली. पोरगी म्हणाली, "पप्पा, हे रोजचंच आहे." त्यांना काही ते मान्य होईना. "कायतरी तसंच कारण आसंल," म्हणाले. हीच गाडी मिरज जंक्शनला लेट झाली असती तर त्यांनी अख्ख्या देशाचा उद्धार केला असता.

पोरगी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होती. खाली ती दोघंच. मूलबाळ नाही. म्हाताऱ्याला अंथरूण धरून वर्ष झालेलं. पोरगी म्हातारीला "ओमा" म्हणायची. ओमा म्हणजे तिकडं आजी. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. घरमालकिणीला कुणी आजी म्हणतं का? आमच्याकडं सांगलीला खोली घेऊन राहणारी पोरं मालकिणीला काकू म्हणतात, आणि माघारी काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नसतं.

पहिल्या रविवारी दुपारी मी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली मात्र, पोरगी आंघोळीतून ओल्या केसांनी धावत आली आणि गॅस बंद केला. गॅस कसला, ती काळी काचेची शेगडी.

"आई, रविवारी दुपारी आवाज करत नाहीत इथं!"

"मग डाळ कशी शिजायची? कानात सांगू का तिला?"

"आजोबा झोपलेत खाली."

रविवारी कुकर नाही, कपडे धुवायचं मशीन नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. बाटल्या टाकायला जायचं नाही, कारण बाटली डब्यात पडली की आवाज होतो. कचऱ्याचे डबे चार रंगांचे, आणि चहाची भुकटी कुठल्या रंगात, तिची कागदी पिशवी कुठल्या रंगात, हे सुभेदारांनी दोन दिवसांत तोंडपाठ केलं. मी केळीची साल चुकीच्या डब्यात टाकली तर त्यांनी ती स्वतःच्या हातानं काढून बरोबर डब्यात टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी बंदूकच हरवून आले होते. बायकोनं केलेल्या जेवणाचं ताट आयुष्यात कधी उचललं नाही या माणसानं. तो जर्मनीत जाऊन केळीची साल उचलतो! कुणाकुणावर चिडावं माणसानं?

मग एकदा म्हातारीनं आम्हाला खाली कॉफीला बोलावलं. साडेतीन म्हणजे साडेतीन. पोरगी आम्हाला पाच मिनिटं आधी जिन्यात उभं करून घड्याळ बघत राहिली. घरात शिरल्यावर म्हातारीनं सफरचंदाचा केक पुढं केला आणि काहीतरी विचारलं. मी रीतीप्रमाणं हसून "नो, नो" म्हटलं. आता आमच्याकडं लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं की पाव्हणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा आत्ताच जेवून आलोय म्हणतो, आणि तिसऱ्यांदा ताट पुढं सरकवतो. घरच्यांनी "आवं घ्या की, एवढ्यानं काय हुतंय" म्हणत वाढायचं असतं. त्या बाईनं माझं पहिलंच नको ऐकलं, मान हलवली आणि केकची थाळी सुभेदारांकडं वळवली. सुभेदारांनी तिकडच्या भाषेत "या" म्हटलं. तिकडं 'हो'ला "या" म्हणतात, हे ते घरूनच शिकून आले होते. त्यांनी दोन तुकडे खाल्ले. मी काळी कॉफी पीत भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. सकाळपासून पोटात अर्धी भाकरी होती.

वर आल्यावर पोरगी म्हणाली, "खायचा होता तर नको का म्हणालीस?"

"रीत म्हणून! तिला कळाय नगं? परत एकदा इचारलं तर जीभ झिजती का काय?"

"आई, इथं नको म्हणजे नको. परत विचारलं तर समोरच्याच्या बोलण्यावर विश्वास नाही असं होतं."

"आन् आमच्यात परत न्हाई इचारलं तर द्यायचं मनात नव्हतं आसं हुतं."

ती हसली आणि खाली निघून गेली. ड्यूटी करून आली की ती रोज खाली जायची. म्हाताऱ्याला कुशीवर करायचं, पाठीच्या जखमेला औषध लावायचं, चमच्यानं सूप भरवायचं. याचे काही देतात का, असं मी एकदा विचारलं, तर "आई!" एवढंच म्हणाली आणि असं बघितलं की मी पुढचं गिळलं. रोज रात्री जेवताना मी कराडच्या स्थळाचा विषय काढायची. रोज ती म्हणायची, "बघू." सुभेदार ताटात बघायचे.

एके दिवशी सकाळी ती खालून वर आली आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. डोळे लाल.

"आजोबा गेले. पहाटे. मी होते जवळ."

मी हातातलं पीठ तसंच टाकलं, हात धुतले, पदर खोचला आणि दाराकडं निघाले.

"कुठं निघालीस?"

"खाली. म्हातारी एकटी हाय न्हवं?"

"आई, जायचं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, इथं असं जात नाहीत. त्यांना आता त्यांचं त्यांचं बसू द्यायचं. डॉक्टर येऊन गेलेत, दुपारी गाडी येईल. ज्याला भेटायचं तो पत्र पाठवतो, अंत्यविधीला बोलावणं आलं की जातो. तोवर दाराची बेल वाजवायची नाही.

"अगं मयत झालंय घरात! मयताला बोलावणं धाडत्यात का कुणी?"

"इथं धाडतात."

माझं माहेर पाटणचं. कोयनेच्या अंगाला भूकंपाचे धक्के बसतात, ते आम्हाला नवे नाहीत. फळीवरची भांडी वाजली की लेकरं काखोटीला मारून रस्त्यावर यायचं. आणि रस्त्यावर आलं की सगळी आळी तिथं असते. कुणाशी भांडण असू दे, कोर्टात दावा असू दे, त्या वेळी एकजण दुसऱ्याला विचारतोच, "म्हातारीला आणलं का भाईर?" मी त्या रस्त्यावर लहानाची मोठी झाले. आणि इथं माझ्या पायाखालच्या खोलीत माणूस गेला होता, त्याची बायको त्याच्याजवळ बसली होती, आणि मी वर पीठ मळत बसायचं! समोरच्या घरातला माणूस नेहमीसारखा सायकलवरून कामाला गेला. त्याला काही पत्ताच नव्हता.

पोरगी ड्यूटीवर गेल्यावर मी सुभेदारांना म्हटलं, "मी चाललेय खाली."

"अगं, पोरगी न्हाई म्हणली न्हवं? आर्डर म्हंजी आर्डर."

"तुमची आर्डर ठेवा तुमच्यापाशी. त्या घरात आज चूल पेटणार न्हाई. कडू घास कोण देणार तिला? तुमची रेल्वे?"

गावाकडून नेलेलं ज्वारीचं पीठ होतं. भाकरी थापली, पिठलं केलं, तिखट अगदी नावाला घातलं. पातेल्यात पिठलं, वर ताटलीत भाकरी, त्यावर फडकं. खाली जाऊन बेल वाजवली. म्हातारी बऱ्याच वेळानं दारात आली. केस विंचरलेले, अंगावर नेहमीचा स्वेटर, डोळे कोरडे. तिनं पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पातेलं घेतलं, आभाराचं "डांके" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी एक पाय पुढं टाकलेला होता, तो तसाच मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी पातेलं जिन्यात आमच्या दाराशी होतं. घासून पुसून, लखलखीत. आणि रिकामं. आता शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, साखरेचे चार दाणे तरी टाकायचे, एवढी साधी गोष्ट जगात कुणाला ठाऊक नसेल असं मला वाटलंच नव्हतं. मी ते पातेलं घेऊन कितीतरी वेळ जिन्यात उभी राहिले. पिठलं पोटात गेलं का कचऱ्याच्या त्या चार डब्यांपैकी एकात, हेही कळायला मार्ग नाही. पोरीला मी म्हटलं, "असल्या देशात माणूस राहतं का गं? चल घरला." ती म्हणाली, "बघू."

अंत्यविधी आठवड्यानं झाला. आठवड्यानं! आमच्याकडं तोवर राख सावडून, नैवेद्य ठेवून, कावळा शिवेना म्हणून तासभर उन्हात बसून झालेलं असतं. रीतसर काळ्या किनारीचं बोलावणं आलं, आम्हा दोघांनाही. मग कपड्यांचा घोळ. पोरगी म्हणे काळंच घालायचं. काळी साडी आम्ही संक्रांतीला नेसतो, मयताला नाही. आणि माझ्यापाशी होती ती काळी साडीसुद्धा गावाकडं कपाटात. शेवटी तिच्या मैत्रिणीचा एक पायघोळ काळा कोट माझ्या अंगात चढवला. सुभेदार फौजेतला काळा ब्लेझर घेऊनच आले होते, मेडलं तेवढी काढून ठेवली.

त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पोरगी आमच्याजवळ बसली नाही. पहिल्या बाकावर, म्हातारीच्या शेजारी बसली. म्हातारीनं तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. मागून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या. मला ते आवडलं नाही, खोटं कशाला बोलू?

दफन झाल्यावर सगळे म्हातारीच्या घरी आले. आणि बघते तर काय, टेबलावर केक! दोन-तीन प्रकारचे. लोक कॉफी पितायत, केक खातायत, आणि थोड्या वेळानं चक्क हसायला लागले. कुणीतरी म्हाताऱ्याची काही गंमत सांगितली, म्हातारीही हसली. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मयताच्या घरी पाणीसुद्धा जपून पितात आमच्यात, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीजवळ जात नाहीत. सुभेदारांनी केक उचलला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी तो परत ठेवला.

निघायची वेळ झाली. म्हातारी दारात उभी राहून एकेकाशी हात मिळवत होती. लोक तिला मिठी मारत, काहीबाही बोलत, पुढं जात. आमची पाळी आली. तिनं हात पुढं केला. मी मान खाली घातली, तोंडातून चकार शब्द काढला नाही आणि तिच्या बाजूनं निघाले. सुभेदारांनी हात पुढं केला होता, मी त्यांची बाही धरून त्यांना ओढलं. "चला," हेसुद्धा म्हटलं नाही.

रात्री पोरगी वर आली ती तणतणतच.

"आई, तुला काय झालं होतं? अख्ख्या गावासमोर तिचा हात तसाच राहिला! ती मला विचारत होती, तुझी आई माझ्यावर रागावली का, माझं काय चुकलं. नवऱ्याला पुरलंय तिनं आज!"

"मी रागावले? मी?" "अगं मयताच्या घरातनं निघताना बोलत न्हाईत! तुला म्हाईत न्हाई? आजीच्या वेळी बघितलं न्हाईस तू? कोण बोललं हुतं निघताना?"

ती थबकली. तिला ठाऊक होतं. ती विसरली होती.

"पण तिला कसं कळणार ते?" जरा खालच्या आवाजात म्हणाली.

"मग सांग तिला. आत्ता चल."

"आत्ता नको, उद्या. आधी फोन करून जाऊ."

मी कपाळावर हात मारला. जिन्याच्या बारा पायऱ्या, आणि फोन करून जायचं!

दुसऱ्या दिवशी फोन करून गेलो. म्हातारी टेबलाशी बसली होती. मी बोलत गेले, पोरगी सांगत गेली. मी म्हटलं, आमच्याकडं घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत. "जातो" म्हणून फक्त मेलेला माणूस जातो. जित्या माणसानं "येतो" म्हणायचं. दुकानाला निघालं तरी येतो, मुंबईला निघालं तरी येतो, फौजेत लढाईवर निघालं तरी येतो. फक्त एका ठिकाणी येतो म्हणायचं नाही, मयताच्या घरी. कारण तिथं येतो म्हटलं म्हणजे परत असल्याच कामाला येतो, असा अर्थ होतो. तिथून न सांगता उठायचं. तुमच्या दारात परत असलं काही घडू नये म्हणून मी बोलले नाही. हात पण त्यासाठीच दिला नाही.

पोरीनं सांगून संपवलं. टेबलावरून हात लांब करून म्हातारीनं माझा हात धरला आणि दाबला. तिचे डोळे मी पहिल्यांदा ओले बघितले. पिठलं चांगलं होतं, असंही म्हणाली. ते तिनं थोडं थोडं करून दोन दिवस खाल्लं होतं. मला कसं वाटलं म्हणून सांगू? उगाच आठवडाभर जळत बसले होते मी.

मग तिनं पोरीला काहीतरी विचारलं. पोरगी कप फिरवत राहिली. म्हातारीनं परत विचारलं.

"काय म्हणत्यात?"

"काही नाही गं."

"सांग म्हणते न्हवं?"

पोरगी कपाकडं बघत म्हणाली, "ती विचारतीय, येतो म्हणून जी माणसं जातात, ती सगळी येतात का?"

"येत्यात की!" मी फटकन बोलले. "आज न्हाई तर उद्या येत्यात. सांग तिला."

तिनं सांगितलं नाही. तिथं बसूनच, म्हातारीसमोर, मराठीत म्हणाली, "आई, मी हो कळवलंय."

"कवा?"

"तुम्ही यायच्या आधीच."

तीन वर्षांमागं मुंबईच्या विमानतळावर हीच पोरगी मला "येते" म्हणाली होती. एकदा नाही, दोनदा. काचेपलीकडं गेल्यावर परत वळून म्हणाली होती. त्या एका शब्दावर मी तीन दिवाळ्या काढल्या. कराडची माणसं त्या शब्दावर थांबवून ठेवली. म्हातारीला आमच्यातलं काही कळत नव्हतं, ती आमच्या कपांत कॉफी ओतत होती. मी उठले आणि वर आले.

सुभेदार वर्तमानपत्रातली चित्रं बघत बसले होते.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय," म्हणाले.

"आन् मला हितवर आणलं? तिकीट काढून?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस. तिला तुला बघायचं हुतं."

पोरीशी मी बोलणंच टाकलं. राहिलेले दिवस स्वयंपाक केला, तिच्या फ्रीजमध्ये पोळ्या करून ठेवल्या, लोणचं बारक्या बाटल्यांत भरून दिलं, सगळं केलं, पण बोलले नाही. तीही बोलली नाही. माझीच पोरगी, हट्टाला कुठं कमी पडणार? सुभेदार दोघींमध्ये वायरलेस सेटसारखे निरोप पोचवत राहिले.

विमानतळावर तिनं बापाला मिठी मारली. "येतो गं बाळा," म्हणाले ते. माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि चालायला लागले. तिकडं एक वळणावळणाची रांग असते, पट्टे बांधलेली, तिच्यातून पुढं पुढं सरकत तपासणीपाशी आले. पर्स ठेवली. कोट काढून ठेवला. बांगड्यांचं काहीतरी तिथली बाई विचारत होती.

आणि एकदम माझ्या ध्यानात आलं. मी पोरीच्या घरातून न सांगता उठून आले होते. मुकाट्यानं, मान खाली घालून, मयताच्या घरातून उठतात तशी. देवा परमेश्वरा, माझ्या जित्याजागत्या पोरीच्या दारातून!

मी वळले आणि रांगेत उलटी घुसले. पट्टे उचलून खालून वाकून निघाले. लोक मागं सरकले, कुणीतरी माझ्यावर खेकसलं, गणवेशातला एकजण हात आडवा करून आला. सुभेदार मागून ओरडत होते, "अगं, लाईन! लाईन मोडू नगं!"

"चुलीत घाला तुमची लाईन!"

काचेच्या दारापाशी त्या गणवेशवाल्यानं मला अडवलंच. पलीकडं पोरगी होती. गेली नव्हती. भिंतीला टेकून तोंड रुमालात धरून उभी होती.

"येते गं!" मी ओरडले. "ऐकलंस का? येते मी!"

तिनं रुमाल काढला. मग म्हणाली, "ये."

आमच्याकडं निघणारा येते म्हणतो आणि ज्याचं घर तो ये म्हणतो. पोरगी कॉलेजला निघायची, मिरजेला निघायची, जर्मनीला निघाली, दर वेळी ये म्हणणारी मी होते. त्या दिवशी घर तिचं होतं आणि पाव्हणी मी.